छपरावरचं पाणी कुणाचं?

गेले तीन-चार शनिवार काही लिहिणं झालं नाही, त्याचं कारण घर. पुण्यातला फ्लॅट नव्हे, गावाकडचं, मंठ्याचं घर. (ज्यांना मंठा माहीत नाही त्यांच्यासाठी: जालन्याहून वाटूर फाट्यावरून जिंतूरकडे निघालात की लागतं ते तालुक्याचं गाव.) आमचं जुनं माळवदाचं घर एका पावसाळ्यात मागच्या अंगानं बसलं. बाबांनी ठरवलं, आता स्लॅबचं बांधायचं. मी ठरवलं, कागदपत्रं सगळी नीट करायची. ग्रामपंचायतीच्या जमान्यात बरंच काही तोंडी चालून जायचं. आता नगरपंचायत आहे, नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

नकाशा काढून देणाऱ्यानं प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला होता.

"हे काय?"

"पावसाच्या पाण्याचा खड्डा. तुमचा प्लॉट पाचशे मीटरच्या वर आहे ना, दाखवावा लागतो."

"दाखवावा लागतो की करावा लागतो?"

त्यावर तो नुसता हसला. :-)

संध्याकाळी शेजारचे काका आले. आमच्या गल्लीचा उतार त्यांच्या घराकडे आहे आणि त्यांची मागची भिंत अजून मातीचीच आहे. नकाशातला कोपरा नेमका त्या भिंतीला लागून. काकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तू तुझ्या घरचं पाणी माझ्या भिताडात मुरवायलास का रे? तुझ्या आज्यानं कधी एक पन्हाळ इकडं काढली नाही."

आता आली का पंचाईत! सरकार म्हणतंय, पाणी तुझ्याच जागेत मुरव. शेजारी म्हणतोय, तुझं पाणी माझ्याकडं येता कामा नये. आमच्या धंद्यात अशा वेळी म्हणतात की दोन रिक्वायरमेंट एकमेकांच्या विरुद्ध आहेत, क्लायंटला विचारा. इथं क्लायंट म्हणजे मीच. म्हणून मग सवयीप्रमाणे वाचायला बसलो, की हे भांडण मुळात किती जुनं आहे. निघालं ते असं...

दीड हात आणि ५४ पण

कौटिल्याचं अर्थशास्त्र आपल्याला राजकारणासाठी ठाऊक असतं. म्हैसूरला १९०५ साली आर. शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी लागली आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापून निघाला. तो नेमका कुठल्या शतकातला यावर विद्वानांचं एकमत नाही, पण दीड-दोन हजार वर्षांपेक्षा अलीकडचा नाही हे नक्की. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांवर एक प्रकरण आहे. त्यात घरमालकाला सांगितलंय की पाणी जायचा मार्ग नीट उताराचा कर, किंवा पाणी खाली पडेल अशी सोय कर, आणि ती शेजाऱ्यापासून तीन पदं किंवा दीड अरत्नी अंतर सोडून कर. अरत्नी म्हणजे साधारण हातभर. दीड अरत्नी म्हणजे आजच्या हिशेबात सव्वादोन फूट. आणि नियम मोडला तर? ५४ पण दंड.

एवढ्यावर थांबत नाही. शहराच्या कारभाऱ्याचे नियम सांगताना कौटिल्य म्हणतो की रस्त्यावर चिखल किंवा पाणी तुंबवलं तर पाव पण दंड, आणि राजमार्गावर असेल तर दुप्पट. म्हणजे शेजाऱ्याला त्रास दिला तर मोठा दंड आणि रस्त्यावर तुंबवलं तर चिल्लर. मला हे प्रमाण फार वास्तववादी वाटलं. रस्ता ओला झाला तर वाळतो. मातीची भिंत ओली झाली तर पडते.

तिकडे रोममध्ये इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यापासून पावसाच्या पाण्यावर एक खास दावाच होता. शेजाऱ्यानं आपल्या जागेत काही बांधकाम करून पावसाच्या पाण्याची वाट बदलली आणि त्यानं तुमचं नुकसान झालं, किंवा होणार असेल, तर दाद मागता यायची. मात्र काही न करता, नुसत्या उतारानं वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात आलं, तर तक्रार नाही. निसर्गाचा उतार सगळ्यांनी सोसायचा, माणसानं केलेला उतार करणाऱ्यानं निस्तरायचा.

हाच विचार इंग्रजांनी आपल्याकडच्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात आणला. त्याच्या सातव्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं की वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक पाटातून न वाहणारं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देणं खालच्या मालकाला भाग आहे. सगळी मेख 'नैसर्गिकपणे' या शब्दात आहे. अंगणात पडून पसरत गेलेलं पाणी नैसर्गिक. शंभर मीटर स्लॅबवरचं पाणी गोळा करून चार इंची पाइपानं काकांच्या भिंतीपाशी सोडलेलं, ते नव्हे. (मंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे १८८२ साली आमच्या गावाला हा कायदा लागू नव्हता. पण पन्हाळीवरून भांडायला कायदा कुणाला लागतो?)

पन्हाळ हा शब्दही बघा. मूळ संस्कृत 'प्रणाल'. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारं गोमुख हा प्रणालच. माळवदाच्या घराला हलका उतार देऊन ठरावीक जागी पन्हाळी बसवायच्या आणि त्या रस्त्याच्या किंवा स्वतःच्या अंगणाच्या बाजूला काढायच्या, ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण गल्लीत सगळ्यांना पाठ होती. काका त्याच रीतीचं बोलत होते.

थोडक्यात, दोन-अडीच हजार वर्षं घरमालकाला एकच नियम होता: पाणी घालव, पण कुणाच्या अंगावर घालवू नकोस.

अर्धं पाणी गेलं कुठं?

मग 'पाणी घालवू नकोस, ठेव' हा नियम कधी आला? त्यासाठी मुंबईला जावं लागतं.

मुंबईची पावसाळी गटारं इंग्रजांच्या काळात बांधली गेली, ती ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं, आणि तेही ओहोटीच्या वेळी. पण त्या हिशेबात आणखी एक आकडा होता, तो जास्त महत्त्वाचा: ०.५. म्हणजे जेवढा पाऊस पडेल त्यातला निम्माच गटारात येईल, बाकीचा निम्मा जमिनीत मुरेल. कुणाच्या जमिनीत? अर्थात लोकांच्या. वाड्यांच्या, बागांच्या, बंगल्यांच्या आवारात. शहरानं आपल्या गटाराचं निम्मं काम घरमालकांच्या मातीवर सोपवलं होतं आणि ते घरमालकांना कुणी कळवलेलंच नव्हतं!

घरमालकांनी काय केलं? जे आपण सगळेच करतो. आवारात फरशी घातली, पार्किंग केलं, चिखल नको म्हणून कोबा केला. १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल आला. त्यानं सांगितलं की गटारं ताशी ५० मिलिमीटरची करा आणि तो ०.५ आता १ धरा. म्हणजे शहरात काहीच मुरत नाही असं समजून चाला. काम रेंगाळलं. आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मंठ्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. आमच्या वर्षापेक्षा जास्त पाणी तिथं एका दिवसात. त्यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, २००६ मध्ये तिचा अहवाल आला, आणि ताशी २५ मिलिमीटर हा आकडा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. त्या दिवसाचा पाऊस कुठल्याच गटारात मावला नसता हे खरं. पण दरवर्षीच्या साध्या पावसातही जे तुंबतं त्याचं उत्तर त्या ०.५ मध्ये आहे.

मग नियम मालकाकडे वळले. मुंबईत २००२ पासून १००० चौरस मीटरवरच्या प्लॉटवर नव्या इमारतींना पाऊसपाणी संकलन सक्तीचं झालं, २००७ मध्ये ती मर्यादा ३०० वर आली. तमिळनाडूनं २००३ मध्ये सगळ्याच इमारतींना सक्ती केली, तिथं कारण पुराचं नव्हतं, पाणीटंचाईचं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यात ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम असेल तर संकलनाची सोय हवी. ती चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची. नाही ठेवली तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार. हे आजचे ५४ पण! जर्मनीत तर बऱ्याच शहरांत, तुमच्या जागेत किती भाग फरशीखाली-छपराखाली आहे ते मोजून त्यावर दरसाल पावसाच्या पाण्याचा आकार लावतात. माती मोकळी ठेवली तर बिल कमी.

पाणी अडवणं हा गुन्हा की कर्तव्य?

याच वाचनात दोन जुने खटले सापडले. दोन्ही वकिलांना पाठ असतात, आपल्याला नसतात.

पहिला इंग्लंडचा, १८६८ सालचा, रायलंड्स विरुद्ध फ्लेचर. एका गिरणीवाल्यानं आपल्या जागेत तलाव बांधला, तो फुटून पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत गेलं. न्यायालय म्हणालं की जो आपल्या जागेत धोक्याची वस्तू आणून साठवतो, त्यानं ती स्वतःच्या जबाबदारीवर साठवावी. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावी लागेल.

दुसरा आपल्याकडचा, १८७४ सालचा. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटले आणि मद्रास रेल्वेचं नुकसान झालं. रेल्वेनं इंग्लंडचा तोच न्याय मागितला. पण प्रिव्ही कौन्सिलनं नाही म्हटलं. कारण? हिंदुस्तानात हे तलाव कुणी हौसेनं बांधत नाही. लोकांचं जगणं त्यावर असतं, आणि ते राखणं हे जमीनदाराचं परंपरेनं आलेलं कर्तव्यच आहे. तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय भरपाई नाही.

सहा वर्षांच्या अंतरानं दिलेले हे दोन निकाल. ओल्या देशात साठवलेलं पाणी म्हणजे धोका, कोरड्या देशात तीच गरज. मंठ्याचा माणूस कुठल्या बाजूला ते सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी होता. जालना शहरानं तेव्हा ज्या घाणेवाडी तलावाकडे डोळे लावले, तो निजामाच्या काळातला. गाळ काढायला लोक पदरचे पैसे घालून उतरले होते.

पण लक्षात घ्या, प्रिव्ही कौन्सिलनं सरसकट माफी दिलेली नाही. साठव, पण नीट साठव. म्हणजे काका पुन्हा समोर येऊन उभे!

पंधरा मिनिटांचा खड्डा

आता माझ्या आवडीचा भाग: आकडेमोड. आमची गच्ची १२० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. ७०० मिलिमीटरच्या वर्षात ८४,००० लिटर. उडालेलं, वाया गेलेलं २० टक्के सोडा, ६७,००० लिटर उरतं. पाच हजार लिटरचे तेरा टँकर. मे महिन्यात टँकरमागं धावलेल्या माणसाला हा आकडा सांगून बघा.

पण तेच पाणी एकदम येतं तेव्हा? ताशी ५० मिलिमीटरचा एक दणका बसला तर मिनिटाला १०० लिटर. नियमावलीच्या परिशिष्टात जिरवण खड्ड्याचं माप दिलंय: १.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, २ ते २.५ मीटर खोल, आत खडी आणि वाळू. मोठ्यात मोठा धरला तर ३.६ घनमीटर. खडी-वाळूतल्या मोकळ्या जागेत मावेल फार तर दीड हजार लिटर. म्हणजे पंधरा मिनिटांत भरला! त्यानंतर येणारं पाणी तेवढ्या वेगानं जमिनीत मुरलं पाहिजे. आणि जमीन कुठली? काळी. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या फुगण्या-आकसण्यानं पाया हलतो हे गावात कुठलाही मिस्तरी सांगेल. म्हणजे नकाशातला तो चौकोन खरोखर खणला असता तर सोळाव्या मिनिटाला पाणी काकांच्या भिंतीत. कागदावर नियम पाळला, प्रत्यक्षात शेजाऱ्याचं घर पाडलं.

मग मी परिशिष्ट शेवटपर्यंत वाचलं. (मॅन्युअल आधी वाचायचं नसतं, हे आमच्या व्यवसायाचं तत्त्व आहे.) दोन गोष्टी सापडल्या.

एक: खड्डा हा अनेक पर्यायांपैकी एकच पर्याय आहे. साठवण टाकी चालते, बोअरभोवती किमान तीन मीटर खोलीचा खडी-वाळूचा खड्डा चालतो. आणि यादीत उघडी विहीरही आहे: किमान १ मीटर व्यासाची, ६ मीटर खोल, गाळून पाणी सोडलेली.

दोन: संकलनाची रचना अशी हवी की स्वतःच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतीत, पायात ओल येता कामा नये.

बघा म्हणजे! 'पाणी ठेव' सांगणाऱ्या नियमाच्या पोटातच 'शेजाऱ्याला त्रास देऊ नको' हा जुना नियम जसाच्या तसा बसलाय. दोन रिक्वायरमेंट विरुद्ध नव्हत्याच. मी (आणि त्या नकाशावाल्यानं) अर्धंच वाचलं होतं.

आणि उघडी विहीर? आमच्या अंगणात, गल्लीच्या बाजूला, पणजोबांनी खणलेला आड आहे. पस्तीस फूट. काळी माती, पांढरा मुरूम, खाली काळा पाषाण. बोअर आल्यापासून कोरडा, निम्मा कचऱ्यानं भरलेला. पाडलेल्या घराचा राडारोडा टाकून तो बुजवायचा, असं बाबांचं ठरलं होतं. ट्रॅक्टरसुद्धा सांगून झाला होता.

दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. "कोरड्या आडात पाणी टाकून काय मिळणाराय?" असा त्यांचा सवाल. शेवटी काकाच मध्ये पडले. म्हणाले, "दादा, याच आडाचं पाणी मी लहानपणी पोहऱ्यानं ओढलंय. बुजवू नका. आन् पाणी आडात गेलं तर माझ्या भिताडात तर येणार नाही ना?" बाबांना माझी आकडेमोड पटली नाही, काकांचं पटलं. असो. :-)

आता रचना अशी आहे. गच्चीचे सगळे पाइप गल्लीच्या बाजूला उतरतात (परिशिष्टानुसार १०० चौरस मीटरला १०० मिलिमीटरचे किमान दोन). पहिल्या पावसाचं धूळ-कचऱ्याचं पाणी सोडून द्यायला एक व्हॉल्व्ह. मग जाळी आणि खडी-वाळूची गाळणी. मग दहा हजार लिटरची टाकी. ती भरली की आडात. आड भरलाच तर रस्त्याच्या गटारात. आमच्या भाषेत आधी बफर, मग मोठा बफर, आणि ओव्हरफ्लोची वाट आधीच ठरलेली. काकांच्या बाजूला एकही पन्हाळ नाही. वापर धुण्याला, झाडांना. प्यायला नाही. आडावर जाळीचं झाकण, नाहीतर डासांची शेती व्हायची.

गेल्या पावसाळ्यात टाकी पहिल्या दोन मोठ्या पावसांतच भरली, आडात पाणी दिसायला लागलं, काकांची भिंत आमच्या बाजूनं कोरडी राहिली. पण खरं सांगायचं तर काकांच्या दारात पाणी आलंच. ते आमचं नव्हतं. गल्लीच्या वरच्या अंगाला गेल्या दहा वर्षांत जी घरं झाली त्यांनी आवारं फरशीनं बंद केली आहेत, त्यातले बहुतेक प्लॉट पाचशे मीटरच्या आतले, त्यांना नियम लागूच नाही. मुंबईनं ०.५ वरून १ पर्यंतचा प्रवास शंभर वर्षांत केला. आमच्या गल्लीनं दहा वर्षांत केला.

म्हणून घर बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन. नकाशात चौकोन काढण्याआधी तीन प्रश्न विचारा: तासाभराच्या मोठ्या पावसात माझ्या गच्चीवरून किती लिटर येणार? माझी माती ते घेईल का? आणि नाही घेतलं तर सोळाव्या मिनिटाला ते कुणाच्या दारात जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय मिळत नाही.

यंदा उन्हाळ्यात आडाला पाणी किती टिकतंय ते बाबा रोज काठीनं मोजून फोनवर सांगतात. एका वर्षाच्या डेटावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून आकडा इथं देत नाही. पण ट्रॅक्टरवाल्याला बाबांनी नको म्हणून कळवलंय.